सपोर्टला नवीन लागलाय? व्हिडिओचं टूल निवडताना आधी बघणाऱ्याचा विचार करा

सांगलीत अडत पेढ्यांना, कारखान्यांना, दवाखान्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या लहान कंपन्यांत दरवर्षी नवीन मुलं-मुली सपोर्टला लागतात. बीसीए, बीएस्सी, डिप्लोमा झालेली. कुणीतरी त्यांना सांगतं, 'आपल्या टीमला स्क्रीन रेकॉर्डिंगचं एखादं चांगलं टूल बघा.' मग नेटवरच्या याद्या वाचून फीचर्सचा मोठा तक्ता तयार होतो. व्हिडिओ किती स्पष्ट, एडिटिंग आहे का, एआय आहे का. या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्यावरून सांगते, या तक्त्यात एक रकाना हमखास राहतो. हा व्हिडिओ बघणार कोण, आणि कशावर?

मार्केट यार्डातल्या पेढीवरचे दिवाणजी डोळ्यांसमोर आणा. हळदीचे सौदे जोरात आहेत, काउंटरला शेतकरी उभे आहेत, पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात द्यायचा हिशेबाचा कागद, निघायला हवी. फोन येतो, 'मॅडम, पट्टीत हमाली दोनदा पडतीय.' कुठलं बटण दाबलं विचारलं की उत्तर येतं, 'काय न्हाई, रोजच्यासारखंच केलं.' आणि खरंच रोजच्यासारखंच केलेलं असतं. मिनिटभराचं रेकॉर्डिंग आलं की मात्र सगळं समोर दिसतं. तोलाईच्या रकान्यात कर्सर असताना एंटर दाबला गेला, बारीकशी यादी क्षणभर उघडली, दुसऱ्या एंटरला तिच्यातली पहिली ओळ निवडली गेली, आणि ती ओळ हमालीची होती. दिवाणजींना ती यादी दिसलीच नाही. दोष आपल्या प्रोग्रामचा, आणि डेव्हलपरला तो व्हिडिओ दाखवला की वाद उरत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा, की दिवाणजींना काहीही इन्स्टॉल न करता रेकॉर्ड करता येईल का? येतं. विंडोज 10 आणि 11 मध्ये गेम बार असतो. विंडोज, ऑल्ट आणि आर ही तीन बटणं एकत्र दाबली की समोरच्या प्रोग्रामचं रेकॉर्डिंग सुरू होतं, पुन्हा दाबली की बंद. त्याची एक मर्यादा लक्षात ठेवा. तो एकाच प्रोग्रामची खिडकी पकडतो. डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर त्यात येत नाही. 'बॅकअपची फाइल सापडत नाही' अशा तक्रारीला तो कामाचा नाही. विंडोज 11 असेल तर स्निपिंग टूलमध्ये व्हिडिओची सोय आहे, तिथे पडद्याचा हवा तो भाग निवडता येतो. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि 5. अँड्रॉइड 11 पासून फोनमध्येच रेकॉर्डर आहे, पण बँकेची बहुतेक ॲप्स त्यात काळी दिसतात. ते सुरक्षेसाठी मुद्दाम केलेलं असतं, त्याला बिघाड समजून तक्रार नोंदवू नका.

आता उलटा प्रवास, म्हणजे आपण ग्राहकाला पाठवतो तो व्हिडिओ. लिंक उघडल्यावर 'आधी अकाउंट काढा' असं दिसलं की दिवाणजी फोन खाली ठेवतात आणि परत कॉल लावतात. मग रेकॉर्डिंग करून काय मिळालं? आपल्याकडे सगळं व्हॉट्सॲपवर चालतं हे मान्य करूनच टूल निवडा. तिथे व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला तर त्याची फाइल आपोआप लहान केली जाते आणि पट्टीवरचे आकडे पुसट होतात. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, 2 जीबीपर्यंत. फक्त आकाराचं भान ठेवा. 2500 केबीपीएस बिटरेटला, म्हणजे सेकंदाला 2500 किलोबिट डेटा साठत असेल तर, एका मिनिटाचे साधारण 19 एमबी होतात, पाच मिनिटांचे नव्वदच्या पुढे. तालुक्याच्या गावी रेंज धड नसताना एवढी फाइल उतरायला ग्राहकाने का थांबावं? दोन मिनिटांत सांगता येत नसेल तर दोन क्लिप करा.

टीमच्या आतलं काम वेगळं. टेस्टरने बग दाखवायचा, सीनियरने रात्री बघून सकाळी उत्तर द्यायचं, यासाठी लूमसारखी टूल्स फार सोयीची आहेत. रेकॉर्डिंग थांबवलं की लिंक तयार, अपलोडची वाट बघायला नको, आणि बघणारा नेमक्या सेकंदावर शेरा लिहू शकतो. पण फुकटच्या प्लॅनमध्ये माणशी 25 व्हिडिओ आणि प्रत्येकी पाच मिनिटं अशी मर्यादा आहे. सपोर्टच्या माणसाचे 25 व्हिडिओ बघता बघता संपतात. पुढे पैसे माणशी, दरमहा. मालकांना किंमत सांगताना आठ जणांची टीम असेल तर आठांचा वर्षाचा आकडा सांगा, एकट्याचा महिन्याचा नको. शिवाय टूल बनवणाऱ्या कंपन्यांचे मालक बदलतात. लूम विकत घेत असल्याचं ॲटलाशियन या सॉफ्टवेअर कंपनीने ऑक्टोबर 2023 मध्ये जाहीर केलं, 97.5 कोटी डॉलरना. मालक बदलला की प्लॅन आणि दर बदलू शकतात, म्हणून सगळे व्हिडिओ एकदम डाउनलोड करता येतात का हे घेण्याआधीच बघा.

त्याच्याच जोडीला आणखी एक तपासा, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या व्हिडिओंचं काय होतं. इथली मुलं दोन-तीन वर्षांत पुण्याला जातात, ते साहजिकच आहे. त्यांनी स्वतःच्या जीमेलवरून बनवलेल्या लिंका मात्र त्यांच्याबरोबर जातात आणि ग्राहकाकडे नुसतं 'व्हिडिओ उपलब्ध नाही' उरतं. खातं कंपनीच्या ईमेलवरच काढायचं, यात तडजोड करू नका.

नवीन ग्राहकाला पूर्ण प्रशिक्षण देणारे लांब व्हिडिओ करायचे असतील तर ओबीएस स्टुडिओ हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम शिका. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, वेळेची मर्यादा नाही, व्हिडिओवर टूलच्या नावाचा शिक्का येत नाही. सुरुवातीला त्याचा पडदा अवघड वाटतो, पण एक दुपार दिली की हाताला बसतं. त्यात रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइलच्या प्रकारात ठेवा. साध्या एमपी फोरमध्ये मधेच लाईट गेली तर अख्खी फाइल जाऊ शकते, एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचं वाचतं. नंतर ओबीएसमधल्याच 'रीमक्स'ने एमपी फोर करून घ्यायचं.

आणि एका गोष्टीवर मी नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून कडक बोलते. स्क्रीनवर शेतकऱ्यांची नावं, मोबाईल नंबर, बँक खाती असतात. आपला व्हिडिओ उद्या दुसऱ्या पेढीच्या ग्रुपवर फिरला तर कुणाला किती दर मिळाला हे गावभर होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 सालचा आहे, पण कायदा नसता तरी हे चुकीचंच होतं. शिकवायचा व्हिडिओ नेहमी खोट्या नावांच्या डेमो कंपनीवर करा. नोटिफिकेशन बंद ठेवा. पूर्ण स्क्रीनऐवजी एकच खिडकी शेअर करा. ग्राहकाकडून आलेलं रेकॉर्डिंग तक्रार मिटली की काढून टाका.

टूल ठरवायच्या आधी एक खरी तक्रार घ्या, तिचा व्हिडिओ दोन-तीन टूल्समध्ये करा आणि ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, वायफाय बंद करून उघडून बघा. सबटायटल आपोआप येतात असा दावा असेल तर आपल्या तोंडची, निम्मे इंग्रजी शब्द असलेली मराठी बोलून तपासा. फीचर्सच्या तक्त्यापेक्षा मालकांना हे जास्त पटतं.

जे अजून नोकरी शोधताहेत त्यांनी मुलाखतीला येताना स्वतः केलेली एक क्लिप फोनमध्ये आणावी. विषय कुठलाही चालेल, कॉलेजचा परीक्षा फॉर्म भरताना येणारी अडचणसुद्धा. सुरुवातीला काय करायला गेलो, मग काय घडलं, खरं काय घडायला हवं होतं, एवढं दीड मिनिटात सांगा. माउस गरागरा फिरवू नका, जिथे क्लिक करणार तिथे क्षणभर थांबा. माझ्यासमोर अशी क्लिप घेऊन कुणी बसलं तर मी आधी ती बघते, बायोडेटा नंतर.