डब्यावरचा आकडा आधी वाचा

दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी घरी सहा माणसं बसवून मी हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईने साठवलेलं संगीत, ऐकवलं. फोनपासून डॅक (डिजिटल गाण्याचा स्पीकरला चालेल असा सिग्नल करणारा डबा), डॅकपासून अ‍ॅम्प्लिफायर, तिथून स्पीकर. सीडी म्हणजे 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ आणि हे बघा, 24 बिट, 192 किलोहर्ट्झ, असं हातवारे करून दोन तास सांगितलं. निघताना चपला घालता घालता भाचा म्हणाला, "मामा, त्या डब्यावर सगळा वेळ 48 का दिसत होतं?" खरंच 48 होतं, म्हणजे 48 किलोहर्ट्झ. फोन प्रत्येक गाणं 48 वर आणून मगच बाहेर सोडत होता. आणि सहाजणांत कुणालाही, मलाही, ते कानाने कळलं नव्हतं. आता पुन्हा बैठक ठरली आहे, म्हणून या खेपेला तयारी लिहूनच काढली.

स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडलेले आहेत असं धरतो. वायरीत मात्र घोळ होतो. पॉवर बँकेबरोबर आलेली वायर उचलू नका, त्यातल्या बऱ्याच नुसत्या चार्जिंगच्या असतात आणि डॅक ढिम्म हलत नाही. डॅकच्या मागे चौकोनी खाच असेल तर प्रिंटरची वायर चालते, फोनच्या बाजूला ओटीजी (फोनला यूएसबीची वस्तू जोडायचा छोटा जोड) लावा. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावं लागतं आणि दहा मिनिटं काही वाजलं नाही की ते आपोआप बंद होतं. चहाला उठलात की संपलं. फोनच्याच बॅटरीवर चालणारा छोटा डॅक असेल तर फोन पूर्ण चार्ज करून ठेवा. स्ट्रीमरमधून (इंटरनेटवरची गाणी वाजवणारा डबा) ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या, वायरीने जाणार असाल तर 96 च्या पुढचं गृहीत धरू नका, कोअ‍ॅक्सिअल, म्हणजे तांब्याची, वायर बरी. ब्लूटूथ नको. एलडॅक (ब्लूटूथवर जास्त माहिती पाठवायची पद्धत) झालं तरी फार तर सेकंदाला 990 किलोबिट जातात आणि साधी सीडीच 1411 मागते.

आता आकडा. डॅकच्या पडद्यावरचा. फोनच्या नव्हे, डॅकच्या. अ‍ॅपल म्युझिकमध्ये गाण्याखाली 'हाय-रेझ लॉसलेस' अशी चिठ्ठी दिसते, तिच्यावर बोट ठेवलं की 24 बिट, 96 वगैरे येतं, आणि माणूस तिथेच खूश होतो. मी झालो होतो. ती चिठ्ठी गाणं कोणत्या जातीचं आहे ते सांगते. पलीकडे काय पोचलं ते डॅकच सांगतो. डॅकवर पडदा नसेल तर दिव्याचा रंग बघा आणि कोणता रंग म्हणजे काय हे माहितीपत्रकात आधी वाचून ठेवा. ड्रॅगनफ्लाय नावाच्या छोट्या डॅकवर हिरवा म्हणजे 44.1 आणि निळा म्हणजे 48. माझ्या डॅकवर तर ढळढळीत आकडे होते. त्यांच्यासमोर मी चकल्यांचं ताट ठेवलं होतं.

आकडा चुकला तर कुठे बघायचं? अँड्रॉइडमध्ये सगळे आवाज एका मिक्सरमधून जातात, म्हणजे गाणं, व्हॉट्सअ‍ॅपची टिंग, सगळंच. आणि बहुतेक फोनमध्ये तो मिक्सर 48 वर बांधलेला असतो. 96 चं गाणं घ्या, 192 चं घ्या, बाहेर 48. 2023 च्या अँड्रॉइड 14 पासून यूएसबी डॅकला गाणं जसंच्या तसं देण्याची सोय आली आहे, पण अ‍ॅपने ती वापरायला हवी, नुसता फोन नवा असून भागत नाही. तुमच्याकडे फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या गाण्यांच्या) फाइल असतील तर यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो हे अ‍ॅप घ्या. ते मिक्सरला वळसा घालून स्वतःच डॅकशी बोलतं. अ‍ॅपल म्युझिक त्यातून वाजत नाही. त्यासाठी मी बायकोचा आयफोन मागून घेतलाय, तो गाण्यानुसार दर, म्हणजे हाच किलोहर्ट्झचा आकडा, बदलतो. लॅपटॉप वापरणार असाल तर विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंगमध्ये जो दर ठरवलाय त्याच दराने सगळं निघतं. अ‍ॅपमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड (डॅक फक्त त्याच अ‍ॅपच्या ताब्यात देणारा) असेल तर सुरू करा. मॅकवर अ‍ॅपल म्युझिकसाठी त्यातलंच ऑडिओ मिडी सेटअप हे अ‍ॅप उघडून दर हाताने बदला. पुढचं गाणं वेगळ्या दराचं आलं की पुन्हा बदला. कंटाळवाणं आहे, पण करा.

अ‍ॅपल म्युझिकच्या ऑडिओ क्वालिटीत वाय-फाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांची निवड वेगवेगळी असते. तिन्ही बघा. आधी उतरवलेली गाणी सेटिंग बदलल्याने बदलत नाहीत, जुनीच राहतात; पुसून पुन्हा उतरवा. जागा आहे का तेही बघा: तीन मिनिटांचं गाणं साध्या दर्जात 6 एमबी आणि 192 चं असेल तर 145. आमच्याकडे संध्याकाळी सगळी इमारत सिरियल बघते तेव्हा वाय-फाय रांगतं, त्यामुळे मी आदल्या रात्रीच उतरवून ठेवणार. डॉल्बी अ‍ॅटमॉस बंद, साउंड चेक बंद, इक्वलायझर बंद. मग एक 44.1 चं, एक 96 चं आणि एक 192 चं अशी तीन गाणी पाठोपाठ वाजवा आणि आकडा बदलतो का बघा. बदलला नाही तर थांबा. माणसं बोलावू नका. 'आवाज किती मोकळा वाटतोय' वगैरे मलाही वाटलं होतं, 48 वर. कानावर विसंबू नका, आकडा वाचा.

अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणून मगच पहिलं गाणं लावा. मिक्सरला वळसा घातला की फोनची आवाजाची बटणं कधी कधी कामच करत नाहीत, सगळं पूर्ण जोरात सुटतं आणि स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग, ट्विटर, जातो. हे गंमत म्हणून सांगत नाही.

त्या दिवशी फोन विमान मोडवर, वाय-फाय वेगळं सुरू, नाहीतर ऐन आलापात कुणाचा तरी कॉल स्पीकरवर दणदणेल. गाण्यांचा क्रम आधी लावून ठेवा. बाकी खुर्च्या, चहा, तुमचं तुम्ही बघा.

मध्ये कुणी वायर काढून परत लावली तर आकडा पुन्हा वाचा. गाणं दुसऱ्या अ‍ॅपमधून लावलं, तरी पुन्हा. या खेपेला चकल्या स्वयंपाकघरात आणि भाचा डॅकसमोर.