जुनी गाडी घेतली आहे? गंजाच्या बाबतीत या चुका टाळा

जुनी गाडी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला खालून काळे कोटिंग मारून घेणे ही या विषयातली सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. आमची पेट्रोल हॅचबॅक ठाणे पासिंगची, आठ वर्षे वापरलेली होती आणि ती मे महिन्याच्या अखेरीस नाशिकला आली. पाऊस तोंडावर होता, म्हणून मी ती लगेच एका गॅरेजमध्ये अंडरबॉडी कोटिंगसाठी दिली. दोन तासांत गाडी परत मिळाली आणि खालचा पत्रा एकसारखा काळाभोर, अगदी नवा दिसत होता. दुसरा पावसाळा संपल्यावर पंक्चरसाठी जॅक लावताना डाव्या दारांखालच्या पोकळ पट्टीवर कोटिंगला आलेला मऊ फुगा बोटांना लागला. नखाने दाबल्याबरोबर त्यातून तांबूस पाणी आले, कोटिंगबरोबर गंजाचे पापुद्रे हातात आले आणि मागे रुपयाएवढे भोक दिसले.

असे का होते हे समजून घेतले, तर पुढच्या बहुतेक चुका आपोआप टळतात. लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि हवेतला प्राणवायू पुरेसे असतात, आणि त्यात मीठ मिसळले की गंज फार वेगाने वाढतो. आधीच गंजलेल्या किंवा ओलसर पत्र्यावर कोटिंग मारले, तर ते पत्र्याला चिकटत नाही, गंजाच्या भुसभुशीत थराला चिकटते. कडेने शिरलेले पाणी मग त्या थराखाली अडकून पडते आणि उघड्या पत्र्यावर जे पाणी दोन तासांत वाळले असते ते महिनोन्‌महिने तिथेच राहते. म्हणजे कोटिंग वाईट नाही, त्याचा क्रम चुकतो. आधी गाडी रॅम्पवर घेऊन खालून प्रेशरने धुवावी, निदान दोन दिवस कडक उन्हात वाळवावी, सुटलेला गंज तारेच्या ब्रशने खरवडावा, उरलेल्या डागांवर फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल असलेले रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाला स्थिर थरात बदलणारे द्रावण, लावावे, त्यावर प्रायमर द्यावा आणि मगच कोटिंग मारावे. दोन तासांत हे सगळे होत नाही, आणि तसे सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नये. काम उघड्यावर होत असेल, तर ते एप्रिल-मेमध्येच उरकावे.

गाडीवर आधीच्या मालकाने कोटिंग मारलेले असेल, तर पेचकसाच्या मुठीने दारांखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी आणि जॅक लावण्याच्या जागा हलकेच ठोकून पाहाव्यात. शाबूत पत्रा टणटण वाजतो, तर सडलेल्या जागी आवाज बसका येतो आणि कोटिंग किंचित दबते.

गाडी कुठून आली, हे न विचारणे ही दुसरी चूक. नाशिक शहराची हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते, त्यामुळे इथेच वाढलेल्या गाडीचा पत्रा सहसा बरा सापडतो; परंतु मुंबई, ठाणे किंवा कोकण पासिंगच्या गाडीने खाऱ्या हवेत वर्षे काढलेली असतात, आणि इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात रोज ये-जा करणाऱ्या गाडीने शहरातल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त पाऊस पाहिलेला असतो. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराची गाडी असेल, तर डिकीतली मॅट अवश्य उचलून पाहावी. पोटॅश आणि इतर रासायनिक खते हवेतला ओलावा ओढतात आणि पत्रा खातात. बागेवर फवारायच्या मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) पाणी तर त्याहून वाईट, कारण ते उघड्या लोखंडावर पडले की तांबे पत्र्यावर बसते आणि लोखंड विरघळू लागते. अशी डिकी भरपूर साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच पुढचे काम करावे.

पुरात बुडालेल्या गाड्याही बाजारात फिरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला होता, आणि नदीकाठच्या पार्किंगमध्ये अशा वेळी गाड्या किती पटकन अडकतात हे पंचवटीत राहणाऱ्यांना सांगायला नको. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला असता बुडालेल्या गाडीत बहुधा गाळाची रेघ दिसते. स्टेपनीच्या खळग्यातली बारीक माती आणि सीटच्या रुळांवरचा गंज हीसुद्धा तीच खूण आहे.

दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक फटी असतात, आणि कोटिंग किंवा चिखल यांनी त्या बुजल्या की काचेच्या रबराजवळून आत गेलेले पाणी दारातच साठते. दार उघडताना आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला, तर दुसरे कोणतेही कारण शोधत बसू नये. प्लास्टिकच्या केबल टायचे टोक फिरवून त्या फटी मोकळ्या कराव्यात. पेचकस घातला तर आतला रंग खरवडला जातो आणि गंजाला नवी जागा मिळते. पुढच्या काचेखाली वायपरजवळची जाळीही अशीच दुर्लक्षित राहते. गाडी कडुनिंबाखाली किंवा गुलमोहराखाली उभी राहत असेल, तर पावसाळ्याआधी तिथला पाला हाताने काढलाच पाहिजे, नाहीतर तिथे तुंबलेले पाणी गाडीच्या आत उतरते.

पायाखालचा गालिचा ओला लागला की बहुतेकजण तो वाळवतात आणि प्रकरण संपले असे मानतात. त्याआधी पाण्याकडे नीट पाहावे. पाणी स्वच्छ असेल, चालकाशेजारच्या सीटपुढे असेल आणि एसी लावल्यावरच येत असेल, तर एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी बुजलेली असते, आणि ती साफ करणे हे किरकोळ काम आहे. पाणी मातकट असून पावसानंतरच येत असेल, तर दाराचे रबर किंवा काचेखालची जाळी तपासावी. ओल रंगीत आणि बोटांना चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून धूसर थर जमत असेल, तर ते हीटरमधून गळणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आहे आणि गाडी लगेच दाखवली पाहिजे. कारण सापडल्यावर गालिचा पूर्ण उचलून त्याखालचा फोम वेगळा वाळवावा, कारण वरचे कापड कोरडे झाले तरी फोम आठवडाभर ओला राहू शकतो.

गाडीच्या खालच्या भागाला जळके ऑइल मारण्याचा सल्ला आजही सर्रास मिळतो. तो मानू नये. त्या ऑइलमुळे सस्पेन्शनची रबरे फुगून निकामी होतात, धूळ चिकटून ओलसर लेप तयार होतो आणि ब्रेकवर ऑइल गेले तर धोकाच निर्माण होतो. कोटिंगसुद्धा सायलेन्सर, ब्रेक, रबरी बुश आणि पाणी निघण्याची भोके यांच्यावर जाता कामा नये, आणि काम सुरू होण्यापूर्वी या जागा कागद-टेप लावून झाकल्या आहेत का, हे स्वतः उभे राहून पाहावे.

रंगाखाली आलेला फोड हा बाहेरचा डाग समजून त्यावर पुटी आणि रंग मारणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय, कारण अशा ठिकाणी गंज बहुतेक वेळा आतून येत असतो आणि सहा-आठ महिन्यांत तिथेच पुन्हा डोके वर काढतो. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणे हाच त्यावरचा उपाय आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टीच्या आतला रंगही जळतो, म्हणून त्या पोकळीत नळीने गंजरोधक मेण फवारून घ्यावे. आमच्या गाडीला ते शेवटी करावे लागले आणि त्यानंतरचे तीन पावसाळे ती जागा कोरडी आहे. कसारा घाटात पुढच्या ट्रकचा खडा उडून बोनेटला लागला आणि पत्रा उघडा पडला, तर मात्र टच-अप रंगाचा एक ठिपका पुरतो, फक्त तो पहिल्या पावसाआधी लावावा.

धुतल्यानंतर ब्रेक डिस्कवर येणाऱ्या नारिंगी थराने घाबरू नये, कारण चार-पाच वेळा ब्रेक लावले की तो जातो. पावसाळ्यात गाडी आठवडाभर जागेवर उभी ठेवायची असेल, तर हँडब्रेक न लावता ती गिअरमध्ये टाकून चाकाखाली ठोकळा ठेवावा, म्हणजे मागचे ब्रेक धरून बसत नाहीत. ओल्या गाडीवर कव्हर कधीही घालू नये. रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणीही घालू नये. गंज रोखणारी रसायने कूलंटमध्येच असतात, आणि कूलंटच्या टाकीतले द्रव तपकिरी दिसत असेल तर आतला गंज सुरू झालेला आहे असे समजून पूर्ण प्रणाली धुऊन घ्यावी.

पावसाळा ओसरल्यावर, शक्यतो दिवाळीच्या आधी, गाडी पुन्हा एकदा रॅम्पवर घेऊन कोटिंगच्या कडा बोटांनी चाचपाव्यात, कारण ते सुटू लागते ते कडांपासूनच. जिथे कड उचललेली दिसेल, तिथले कोटिंग शाबूत पत्र्यापर्यंत खरवडून प्रायमरपासून काम करावे. त्याच वेळी दोन्ही पट्ट्या, चाकांच्या चारही कमानी आणि डिकीचा तळ यांचे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी तोच डाग वाढला आहे की तेवढाच आहे, हे आठवणीवर विसंबून ठरवावे लागत नाही.