अ‍ॅन्सिबलच्या कमांडने सर्व्हरची यादी कशी पाहावी आणि नेमके हवे तेच सर्व्हर कसे निवडावेत

बेळगावात मुख्य कार्यालय, निपाणी, चिकोडी, गोकाक, हुक्केरी आणि खानापूर येथे शाखा, आणि प्रत्येक ठिकाणी वेब, डेटाबेस व बॅकअपची वेगवेगळी यंत्रे असा पसारा झाला की कोणते यंत्र कुठे आहे हे स्मरणावर सोडून चालत नाही. सीमाभागातील पतसंस्था, साखर कारखाने किंवा उद्यमबागेतील फाउंड्र्या यांचे सर्व्हर सांभाळणारे कित्येक जण ही माहिती एक्सेलच्या फाइलीत ठेवतात. ती फाइल दोन महिन्यांत जुनी होते, कारण कामाची कमांड तिला विचारून चालत नाही. जी यादी कमांड स्वतः वाचते तीच खरी यादी मानावी, असे माझे ठाम मत आहे. २०१२ मध्ये आलेले आणि २०१५ मध्ये रेड हॅट या कंपनीने विकत घेतलेले अ‍ॅन्सिबल हे अनेक सर्व्हरवर एकाच ठिकाणाहून कमांड चालवणारे साधन त्यासाठी उत्तम आहे, कारण दूरच्या लिनक्स यंत्रांवर वेगळा एजंट (मदतनीस प्रोग्रॅम) बसवावा लागत नाही, एसएसएच (दूरच्या यंत्रात सुरक्षित प्रवेश देणारी सोय) आणि पायथन ही भाषा असली की पुरते.

अ‍ॅन्सिबल बसवलेले आहे, एसएसएचच्या चाव्या पोहोचलेल्या आहेत आणि इन्व्हेंटरीची, म्हणजे सर्व्हरच्या यादीची, फाइल तयार आहे, असे येथे गृहीत धरले आहे. खालील कमांड देवनागरीत लिहिल्या असल्या तरी टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टंकाव्यात.

प्रथम संपूर्ण यादी पाहावी:

अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरी --ग्राफ

यात गट आणि त्यांखालील यंत्रे झाडासारखी मांडलेली दिसतात. एका यंत्राची सर्व माहिती हवी असल्यास --होस्ट लिहून पुढे त्याचे नाव द्यावे, आणि सगळ्यांची हवी असल्यास --लिस्ट वापरावे. मात्र --लिस्टच्या उत्तरात इन्व्हेंटरीत ठेवलेले पासवर्डही उघड दिसू शकतात, त्यामुळे ते जसेच्या तसे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकू नये.

दुसरी पायरी गट पाडण्याची आहे. यंत्राच्या नावावरून छाननी करावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्या भागात तरी तो मुळीच मानू नये. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बदलले, त्यामुळे जुन्या यंत्रांच्या नावांत बेलगॉम, नव्यांत बेळगावी आणि काहींत रेल्वे स्थानकाचा बीजीएम हा संकेत, असे तिन्ही प्रकार एकाच यादीत सापडतात. निपाणी आणि चिकोडी यांची रोमन स्पेलिंगेही कोणी एका पद्धतीने, तर कोणी जोडाक्षर धरून लिहितो. बी, ई, एल या तीन अक्षरांपुढे तारांकन (*, म्हणजे पुढे काहीही चालेल) देऊन बेळगावची यंत्रे शोधली, तर बीजीएमवाली सुटतात आणि हुक्केरी तालुक्यातील बेल्लद बागेवाडीचे यंत्र मात्र त्यात येऊन बसते. शिवाय तारांकन फक्त यंत्रांच्या नावांशी नव्हे, तर गटांच्या नावांशीही जुळवले जाते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

म्हणून प्रत्येक यंत्र निदान दोन गटांत घालावे: एक ठिकाणाचा गट, एक कामाचा. काढून टाकायच्या यंत्रांसाठी ‘निवृत्त’ असा तिसरा गट ठेवावा. एकच यंत्र अनेक गटांत असण्यास कोणतीही हरकत नाही. गटाच्या नावात आडवी रेघ वापरू नये. अ‍ॅन्सिबल त्यावरून सूचना देत राहते. त्याऐवजी अंडरस्कोर वापरावा.

आता निवड. याच टप्प्याने मला सुरुवातीला सर्वाधिक त्रास दिला आणि याच ठिकाणी बहुतेक मार्गदर्शक लेख दोन ओळींत आटोपतात. निवडीची चिन्हे तीन आहेत: स्वल्पविराम म्हणजे ‘हा किंवा तो’, & म्हणजे ‘यातही असलेला’, आणि ! म्हणजे ‘हा वगळून’. स्वल्पविरामाऐवजी विसर्गचिन्हासारखे : वापरलेले जुन्या उदाहरणांत दिसते आणि ते चालतेही, पण आयपीव्ही६ प्रकारच्या इंटरनेट पत्त्यांतही तेच चिन्ह असल्याने स्वल्पविरामच वापरावा. खानापूरचे, निवृत्त न झालेले वेब सर्व्हर पाहायचे असतील, तर कमांड अशी होते:

अ‍ॅन्सिबल 'वेब,&खानापूर,!निवृत्त' --लिस्ट-होस्ट्स

येथील एकेरी अवतरणचिन्हे ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ती गाळली तर & हे चिन्ह अ‍ॅन्सिबलपर्यंत पोहोचतच नाही. शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्रॅम, ते स्वतःसाठी घेतो, त्याच्या आधीचा भाग पार्श्वभूमीत चालवायला टाकतो आणि नंतरचा भाग वेगळी कमांड समजतो. केवळ यादी पाहताना याने फारसे बिघडत नाही. पण हीच चूक प्लेबुक (करायची कामे लिहिलेली फाइल) --लिमिट देऊन ठरावीक यंत्रांपुरते चालवताना झाली, म्हणजे

अ‍ॅन्सिबल-प्लेबुक रीस्टार्ट.वायएमएल --लिमिट वेब,&खानापूर

असे लिहिले गेले, तर पडद्यावर ‘खानापूर नावाची कमांड सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. माणूस समजतो की काहीच झाले नाही, आणि तोवर पाठीमागे तेच प्लेबुक ‘वेब’ गटातील प्रत्येक यंत्रावर, म्हणजे निपाणीपासून गोकाकपर्यंत सगळीकडे चालू झालेले असते. दुपारी पतसंस्थेच्या काउंटरवर भरणा चालू असताना याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

दुहेरी अवतरणचिन्हे वापरूनही काम भागत नाही. त्यांत & सुरक्षित राहते, परंतु टर्मिनलवर बसून काम करताना बॅश हा शेल दुहेरी अवतरणातील ! ला जुन्या कमांडची आठवण समजते आणि ‘इव्हेंट नॉट फाउंड’ म्हणून थांबते. एकेरी अवतरणचिन्हे नेहमी, अगदी एकाच गटाचे नाव असले तरी, द्यावीत. हाताला तीच सवय लावावी.

दुसरा गैरसमज क्रमाविषयी आहे. ही चिन्हे डावीकडून उजवीकडे लागू होतात असे वाटते, पण तसे नाही. आपण कोणत्याही क्रमाने लिहिले, तरी अ‍ॅन्सिबल आधी सर्व ‘किंवा’ गट एकत्र करते, मग & लावते आणि शेवटी ! वगळते. त्यामुळे 'डेटाबेस,वेब,&खानापूर' याचा अर्थ ‘सगळे डेटाबेस आणि फक्त खानापूरचे वेब’ असा होत नाही; दोन्ही प्रकारचे फक्त खानापूरचेच सर्व्हर मिळतात. कंसांची सोय येथे नाही. तसा वेगळा संच वारंवार लागत असेल, तर चिन्हांशी झगडत बसण्यापेक्षा त्याचा स्वतंत्र गट करावा.

तिसरा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो. वगळायच्या गटाचे नाव लिहिताना एक अक्षर चुकले, तर अ‍ॅन्सिबल मूळ सेटिंगमध्ये केवळ एक सूचना छापते, चुकलेले नाव दुर्लक्षित करते आणि काम पुढे नेते. म्हणजे 'ऑल,!निवृत्त' मध्ये ‘निवृत्त’चे स्पेलिंग चुकले की निवृत्त यंत्रांसह सगळ्यांवर कमांड चालते, आणि ती सूचना पुढच्या ओळींच्या लोंढ्यात वर निघून जाते. यावर उपाय आहे. अ‍ॅन्सिबल.सीएफजी या फाइलीत ‘इन्व्हेंटरी’ या विभागाखाली पुढील ओळ घालावी:

होस्ट_पॅटर्न_मिसमॅच = एरर

त्यानंतर न जुळणारे नाव आले की काम सुरू होण्याआधीच थांबते. ही ओळ मूळ सेटिंगमध्येच असायला हवी होती. प्रत्येकाने ती आजच घालावी.

प्लेबुक चालवण्यापूर्वी तीच कमांड, तेच --लिमिट ठेवून, शेवटी --लिस्ट-होस्ट्स जोडून एकदा चालवावी. काम होत नाही, फक्त नावे दिसतात. ती मोजू नयेत, एकेक करून वाचावीत, कारण संख्या बरोबर असूनही नावे चुकीची असू शकतात.

यंत्राच्या स्थितीवरून छाननी करायची असल्यास सेटअप हे यंत्राची माहिती गोळा करणारे मॉड्यूल वापरावे:

अ‍ॅन्सिबल ऑल -एम सेटअप -ए 'फिल्टर=अ‍ॅन्सिबल_डिस्ट्रिब्यूशन*'

सेंटओएस ७ या लिनक्स आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. अजून त्यावर चालणारी यंत्रे शोधायला ही एक कमांड पुरेशी आहे. सापडलेल्यांचा लगेच गट करून ठेवावा.

खानापूरकडे पावसाळ्यात वीज आणि लाइन दोन्ही जातात, त्यामुळे काही यंत्रे ‘अनरीचेबल’ (संपर्काबाहेर) दिसणारच. त्यांच्यासाठी सगळ्या शाखांवर प्लेबुक पुन्हा चालवू नये. अ‍ॅन्सिबल.सीएफजीमध्ये ‘डिफॉल्ट्स’ या विभागाखाली रीट्राय_फाइल्स_एनेबल्ड = ट्रू ही ओळ घातली की अयशस्वी झालेल्या आणि न सापडलेल्या यंत्रांची नावे प्लेबुकच्याच नावाच्या, शेवटी .रीट्राय असलेल्या फाइलीत जमा होतात. दुसऱ्या दिवशी लाइन आल्यावर --लिमिट पुढे @ आणि त्या फाइलीचे नाव द्यावे, म्हणजे तेवढीच यंत्रे घेतली जातात. मात्र आधी फाइलीची तारीख पाहावी, कारण मागच्या आठवड्याची फाइलही तेथेच पडून असू शकते.