परदेशातलं शिक्षण संपलं, आता तिथेच राहायचंय? मग या चुका टाळा

मी जर्मनीत शिकले, पाच वर्षं तिथेच नोकरी केली आणि आता ठाण्यात, पाचपाखाडीत राहते. एवढ्या भांडवलावर ओळखीपाळखीतल्या आईवडिलांनी मला व्हिसातज्ज्ञ करून टाकलंय. मी वकील नाही, एजंटही नाही. पण तेच ते गोंधळ निस्तरून आता कंटाळा आलाय. प्रवेशासाठी दोन दोन वर्षं घाम गाळणारी मुलं शिक्षण संपल्यावर राहण्याच्या कागदांसाठी एक अख्खी दुपार काढत नाहीत. "बघू, आधी रिझल्ट तर लागू दे" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

अर्ज टाकून घरी येणं

दोन वर्षांपूर्वीची संक्रांत. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीचं डिसेंबरात लग्न झालेलं. पहिली संक्रांत म्हणून माहेरी हळदीकुंकू, ती हलव्याचे दागिने घालून बसलेली. तिचा भाऊ इंग्लंडमध्ये एमएस्सी करून लग्नासाठी आलेला, तोच दारात तिळगुळाचं ताट घेऊन उभा. मी सहज विचारलं, "काय रे, ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला का?"

"नाही काकू. नोव्हेंबरच्या शेवटी अर्ज टाकलाय, येईलच आता. २७ ला निघतोय."

मी तिळगूळ हातातच धरून उभी राहिले. शिक्षणानंतर नोकरीसाठी राहू देणारा ब्रिटनचा हा व्हिसा तिथे असतानाच मागावा लागतो, आणि निर्णय व्हायच्या आत देशाबाहेर पडलात तर अर्ज तुम्हीच मागे घेतला असं धरतात. म्हणजे लग्नासाठी विमानात बसला तेव्हाच याचा अर्ज बाद झाला होता. वर त्याचा विद्यार्थी व्हिसा २४ जानेवारीला संपत होता आणि तिकीट २७ चं! स्टेशनजवळच्या कुठल्याशा एजंटने सांगितलं होतं, "अर्ज केलाय ना, मग बिनधास्त या." त्याला घरच्यांनी पैसेही दिले होते.

बायका वाण घेऊन गेल्यावर त्याच सोफ्यावर लॅपटॉप उघडून बसलो. नशीब एवढंच की जुन्या व्हिशाचे दहा दिवस शिल्लक होते. १७ तारखेचं महागडं तिकीट काढलं, मुलगा तिथे पोचला, नवा अर्ज केला, फी पुन्हा भरली. वाचला. ते दहा दिवस नसते तर ठाण्यात बसून हा अर्ज करताच आला नसता.

माझी सवय सांगते: अर्ज पाठवला त्या दिवशी पासपोर्ट कपाटाच्या वरच्या कप्प्यात. निर्णय येईपर्यंत तो खाली काढायचा नाही, घरी बारसं असो की लग्न. आया रागावतात, रागावू देत. आणि हो, ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत (पीएचडीवाल्यांना तीन वर्षं कायम), त्यामुळे जुन्या सीनियरचा हिशेब स्वतःला लावू नका.

पदवीदान समारंभाची वाट पाहणं

काळ्या झग्यातला फोटो आजीसाठी असतो. घड्याळ त्याआधीच सुरू झालेलं असतं. कॅनडात कोर्स पूर्ण झाल्याचं लेखी कळलं की त्या दिवसापासून वर्क परमिटच्या अर्जाला १८० दिवस.

पासपोर्टची आणि आयईएलटीएसची तारीख न पाहणं

कॅनडाचं हे वर्क परमिट जास्तीत जास्त तीन वर्षांचं मिळतं, पण पासपोर्ट आधी संपत असेल तर परमिटही तिथेच संपतं. खारघरच्या एका मुलीने दहावीच्या सुट्टीत दुबईला जाण्यासाठी पासपोर्ट काढला होता. मास्टर्स होईपर्यंत त्याचे चौदा महिने उरले, आणि परमिट हातात आलं तेही चौदा महिन्यांचंच. नवा पासपोर्ट काढून उरलेला काळ मागता येतो, पण मग पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणि मध्ये कंपनीच्या एचआरला समजावत बसा. हेच काम इथे असताना वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात आटोपलं असतं.

शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून या परमिटला भाषेच्या परीक्षेचा निकालही लागतो आणि तो दोन वर्षांहून जुना चालत नाही. प्रवेशासाठी दिलेली आयईएलटीएस दोन वर्षांचं मास्टर्स संपेपर्यंत शिळी झालेली असते. "ताई, इंग्रजीत शिकलो, आता परत इंग्रजीची परीक्षा?" हो, परत. शेवटच्या सेमिस्टरमध्येच द्या.

अमेरिकेतले ९० दिवस

ओपीटीचा, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायच्या परवानगीचा, अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. मी तर म्हणते, पहिल्याच आठवड्यात करा. विद्यापीठाच्या डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याने) शिफारस नोंदवली की ३० दिवसांत अर्ज गेला पाहिजे, हे दुसरं घड्याळ बरेच जण विसरतात. तिसरं सगळ्यात वाईट: ओपीटी सुरू झाल्यापासून एकूण ९० दिवसच बिनकामाचं राहता येतं. यात शनिवार-रविवारही धरतात.

साठ-सत्तर दिवस उलटले की पोरं घाबरतात आणि मग येतात त्या 'कन्सल्टन्सी'. पैसे द्या, आम्ही तुम्हाला कामावर दाखवतो, रेझ्युमेत चार वर्षांचा अनुभवही घालतो. यावर माझं मत कडक आहे. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिशाच्या वेळी, व्हिसा स्टॅम्पिंगच्या वेळी, तोच कागद समोर ठेवून प्रश्न विचारतात. त्यापेक्षा आपल्या विषयातलं, आठवड्याला किमान २० तासांचं बिनपगारी काम खरोखर करा. पहिल्या वर्षाच्या ओपीटीत ते चालतं, स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणितवाल्यांच्या) २४ महिन्यांच्या वाढीव काळात मात्र चालत नाही. एवढं सांगितल्यावर समोरून "पण तो अमुक तर तसंच राहिला" असं आलं की मी चहा ठेवायला उठते.

नाव

दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळा क्रम, विद्यापीठाच्या पत्रात वडिलांचं नाव गायब. प्रवेश घेतानाच पासपोर्टप्रमाणे एकच करून घ्या.

आणि माझी स्वतःची चूक

जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. जुनं परमिट संपायच्या आत अर्ज केला की निर्णय होईपर्यंत तेच चालू धरतात. मी वेळेत अर्ज केला, फाइल नीट लावली, आणि अपॉइंटमेंटच्या पत्राची वाट पाहत बसले. महिना गेला, पत्र नाही. शेवटी कार्यालयात जाऊन उभी राहिले, तर बाई म्हणाल्या, पाठवलं होतं, परत आलं.

तिथे पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो, खोलीचा नंबर बघून नाही. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचंच नाव होतं. आत जाता-येता सहा महिने मी ते वाचत होते आणि एकदाही बदललं नव्हतं. त्या संध्याकाळी चिकटपट्टीवर मार्करने आडनाव लिहून लावलं. पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची मिळाली.