शस्त्रांच्या तपासणीत नवीन आलात? आधी जॉब थंड होऊ द्या

भोसरी-खडकी भागात रायफलच्या सुट्या भागांच्या तपासणीला लागलात, की मायक्रोमीटर धरता येतो हे सगळे गृहीतच धरतात. घात करतं ते तापमान. आम्हीही त्यातच अडकलो, म्हणून जरा लांबण लावतोय.

ड्रॉइंगवरचं माप 20 अंश सेल्सिअसचं असतं. मे महिन्यात मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तपासायचा भाग, सहज 38 अंशांवर असतो, गेज (मापाचं साधन) मात्र एसी खोलीत 20 वर. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं. म्हणजे 200 मिमीचा जॉब 0.041 मिमी लांब दिसणार. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ±0.02 मिमी असेल तर चांगला माल बाद होतो. त्याहून वाईट म्हणजे आखूड जॉब गरम असताना पास होतो आणि सकाळी तोच बाद निघतो! जॉब आणि गेज सरफेस प्लेटवर (मापणीच्या सपाट पाटावर) शेजारी ठेवा, जाड भाग असेल तर दोन-तीन तास. दोन्ही पोलादी आणि दोन्ही 30 वर असतील तर फारसं बिघडत नाही, वाढ सारखीच होते. ॲल्युमिनियमच्या बॉडीला ही सवलत नाही, ती जवळपास दुप्पट वाढते. आणि गेज मुठीत धरून गप्पा मारू नका.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर, पाहताना एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर (रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकणारे भाग) काढा, चेंबर पुसा. स्प्रिंगचा दाब राहिला तर हाताला खोटं जाणवतं. बोल्ट फक्त बोटाच्या जोराने फिरवा: ‘गो’ गेजवर (किमान मापाचा) बंद व्हायला हवा, ‘नो-गो’ गेजवर (मर्यादेबाहेरच्या मापाचा) नाही. ‘थोडं दाबा, बसेल’ म्हणणारा सीनियर कितीही जुना असो, त्याचं ऐकू नका. खडकीच्या 1869 सालच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा गेजवाला भेटला, तर मात्र त्याच्या शेजारी खुर्ची ओढा.

सॅम्पलिंग (लॉटमधून मोजके नग तपासणं) आयएस 2500 या भारतीय मानकाप्रमाणे. 500 च्या लॉटला सर्वसाधारण तपासणी पातळी 2 वर 50 नग; एक्यूएल (दोषांची स्वीकार्य पातळी, टक्क्यांत) 1.0 असेल तर एक दोषी चालतो, दोन आले की लॉट बाद. पेटीच्या वरच्या थरातूनच नग उचलणं म्हणजे स्वतःला फसवणं.

प्रूफ फायरिंगनंतर (जादा दाबाच्या काडतुसाने केलेल्या चाचणीनंतर) बोल्टच्या लगच्या, म्हणजे बोल्ट अडकवणाऱ्या दात्यांच्या, मुळाशी मॅग्नेटिक पार्टिकल तपासणीत (भाग चुंबकित करून लोहकणांनी तडे दाखवणारी) तडे शोधा, मग डीमॅग्नेटाइझ करा. राहिलेलं चुंबकत्व लोखंडी चुरा ओढून घेतं आणि पुढचं माप बिघडवतं.

सुरुवातीला निर्णय चुकतील, घाबरू नका. रजिस्टरमधला आकडा चुकला तर एकच रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा, सही आणि तारीख टाका. व्हाइटनर कधीच नाही.