प्राणी मोठा, फोटो मेलेला: वन्यजीव छायाचित्रणातल्या या चुका टाळा

कार्डावर दीड हजार फ्रेम्स, आणि घरी येऊन बघावं तर ठेवण्याजोग्या चार. डोळा फोकसमध्ये आहे, उजेड चांगला आहे, प्राणी तर चक्क समोर उभा आहे. तरी फोटोत जीव नाही. अशा वेळी पहिला संशय लेन्सवर जातो आणि रात्री नव्या लेन्सची माहिती वाचणं सुरू होतं. मीही त्यातून गेलोय. दोष काचेत नव्हता. प्राणी दिसला की छाती धडधडते, नजर त्याच्यावर खिळते आणि चौकटीच्या उरलेल्या भागात काय चाललंय याचं भान राहत नाही. कॅमेऱ्याची छाती धडधडत नाही. तो सगळं टिपतो.

पाठीमागे काय आहे ते न बघणं

डोक्यातून उगवलेली फांदी, कानामागे चमकणारं आभाळाचं भोक, नेमकी मानेतून गेलेली क्षितिजाची रेघ. जागेवर हे खटकत नाही, कारण फांदी प्राण्याच्या बरीच मागे आहे हे आपल्याला ठाऊक असतं. फोटोत ते अंतर चपटं होतं आणि हरणाला तिसरं शिंग फुटतं.

उपाय बहुतेक वेळा अर्ध्या पावलाचा असतो. आकडेमोड करून बघा. 600 मिलिमीटरची लेन्स, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, प्राणी 20 मीटरवर आणि झाडी 60 मीटरवर. तुम्ही 30 सेंटिमीटर बाजूला सरकलात की प्राण्याच्या मानाने मागची झाडी 60 सेंटिमीटर सरकते. त्या अंतरावर फ्रेममध्ये साधारण साडेतीन मीटर रुंदीची झाडी मावते, म्हणजे फांदी फ्रेमच्या सहाव्या भागाइतकी हलली. डोक्यातून निघून मोकळ्या जागेत जायला एवढं पुरतं. गाडीतून उतरता येत नसेल तर सीटवरच या टोकाहून त्या टोकाला सरका. गाडी फूटभर पुढे घ्यायला सांगण्यात संकोच कसला?

मागची झाडी प्राण्याला चिकटूनच असेल तर मात्र सरकून भागत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडलं तरी फांद्यांची रांगोळी तशीच राहते. तिथे थांबायचं. प्राणी चार पावलं पुढे आला तर फोटो, नाही तर नुसतं बघायचं.

मला पटलेला क्रम उलटा आहे: आधी पार्श्वभूमी निवडा, मग प्राण्याची वाट बघा. 2020 साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेचा सर्वोच्च मान मिळालेलं सर्गेई गोर्शकोव्ह यांचं छायाचित्र आठवा. रशियाच्या अतिपूर्वेतल्या जंगलात एक वाघीण जुन्या झाडाला मिठी मारून गंध सोडते आहे. वासाच्या, केसांच्या, ओरखड्यांच्या खुणा शोधत त्यांनी ते झाड निवडलं आणि त्याच्यासमोर हालचालीवर चालणारा कॅमेरा लावून ठेवला. फोटो मिळायला 11 महिन्यांहून जास्त काळ गेला. चौकट तयार होती, वाघीण नंतर आली.

चौकट गच्च भरणं

मोठी लेन्स हातात आली की पहिलं वर्षभर आपण सगळ्यांचे पासपोर्ट फोटो काढतो. प्राणी काठोकाठ, शेपटी बाहेर, पंजे घोट्याशी कापलेले. कापायचंच असेल तर ठाम कापा: छातीपासून वर, किंवा नुसता चेहरा. सांध्यावर कापलेला पाय चुकून कापल्यासारखाच दिसतो. शेपटीचं टोक, कानाचं टोक, पसरलेल्या पंखाचं शेवटचं पीस निसटलं की नजर बरोबर तिथेच अडकते. उडत्या पक्ष्यासाठी तर झूम थोडा मागे घेऊनच ठेवा. पंख उघडल्यावर तो केवढा होणार आहे, हे बसलेला असताना लक्षात येत नाही.

जवळ गेल्यावर आणखी एक अडचण येते. 600 मिलिमीटर, छिद्र मोठं म्हणजे एफ/4, प्राणी 10 मीटरवर: इथे धारदार दिसणारा पट्टा जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा असतो. लांब तोंडाच्या प्राण्याचा डोळा स्पष्ट आणि नाक धूसर, यात कॅमेऱ्याचा काय दोष? छिद्र लहान करून एफ/8 केलंत तर तो पट्टा साधारण दुप्पट होतो. मागे मोकळं मैदान असेल तर बिनधास्त करा.

‘नंतर क्रॉप करू’ ही दुसऱ्या टोकाची चूक. लांबी-रुंदी निम्मी केली की पिक्सेल पाव उरतात; 24 मेगापिक्सेलचा फोटो 6 चा होतो. लांबचा प्राणी ओढूनताणून जवळ आणण्यापेक्षा त्याला त्याच्या जागेत लहानच राहू द्या. छायाचित्रकार स्टीव्ह विंटर यांनी हॉलिवूडच्या त्या प्रसिद्ध पांढऱ्या अक्षरांखालून रात्री चालत जाणारा प्यूमा (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) टिपला. त्या एका फ्रेमसाठी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचालीवर चालणारा कॅमेरा, लावून सुमारे 15 महिने वाट पाहिली. त्यातली अक्षरं कापून टाकली तर उरतो कुठलाही एक प्यूमा.

उभ्या उभ्या फोटो काढणं

यावर फार लिहिण्यासारखं नाही. खाली बसा, जमेल तर झोपा. बदकाचा फोटो माणसाच्या उंचीवरून काढला की मागे फक्त पाणी येतं. पाण्याच्या पातळीवरून काढला की पलीकडचा काठ दूर जाऊन मऊ होतो. कपडे मळतात. चालायचंच.

नियम पाळायचा म्हणून पाळणं

एक तृतीयांशाचा नियम सगळ्यांना पाठ असतो: चौकटीचे तीन-तीन भाग पाडा आणि विषय मधोमध न ठेवता त्या रेघांवर ठेवा. हे नाव छापील स्वरूपात 1797 साली जॉन थॉमस स्मिथ यांच्या लेखनात आलं, तेही निसर्गचित्रांतल्या उजेड-अंधाराच्या आणि जमीन-आभाळाच्या वाटणीबद्दल. डोंगर कुठे पळून जात नाहीत. प्राण्याच्या बाबतीत मी आधी एवढंच विचारतो: तो बघतोय कुठे, चाललाय कुठे? त्या बाजूला मोकळी जागा सोडा. तो थेट तुमच्याकडे बघत असेल आणि चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा असेल, घुबडासारखा, तर मधोमध ठेवायला काहीच हरकत नाही.

सगळेच फोटो मधोमध येत असतील तर ती आवड नसून बहुधा सवय असते. फोकस पॉइंट मध्यावर ठेवलेला असतो आणि प्राणी आपोआप मध्यावर बसतो. पॉइंट आधीच डाव्या-उजव्या बाजूला सरकवून ठेवा, किंवा कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो वापरा आणि चौकट मोकळी ठेवा.

कळपाचा फोटो यापेक्षा अवघड. तिथे तृतीयांश बाजूला ठेवून डोकी मोजा. एकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीत घुसलेलं असेल तर बोट शटरवर ठेवून थांबा. दोन डोक्यांच्या मधे थोडासा प्रकाश दिसला, की तोच क्षण.

आकड्यांवर विश्वास टाकणं

स्कॉटलंडच्या अ‍ॅलन मॅकफेडियन यांची गोष्ट सांगितली जाते. खंड्या पाण्यात सरळ सूर मारतोय आणि त्याची चोच त्याच्याच प्रतिबिंबाला टेकतेय, अशी एक फ्रेम मिळवायला त्यांना 6 वर्षं आणि सुमारे 7 लाख 20 हजार फोटो लागले. ऐकणारा यातून ‘भरपूर फोटो काढा’ एवढंच घेतो. पण ती सहा वर्षं एकाच चौकटीसाठी होती. काय हवंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपण सेकंदाला 20 फ्रेम्सने दहा सेकंद बटण दाबून धरतो आणि एकाच चुकीच्या रचनेच्या 200 प्रती घरी आणतो.

छोटे बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंचे झटके, घ्या, प्रत्येकी पाचसात फ्रेम्सचे. दोन बर्स्टच्या मधे डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता कडा तपासा. पडद्यावर फोटो बघत बसू नका. प्राणी नेमका तेव्हाच जांभई देतो. आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर वेगाने फडफडणारे पंख वाकडे येत असतील तर पक्ष्याला दोष देऊ नका, मेकॅनिकल शटर लावून बघा.

निर्दोष फोटोचा हट्ट

इथे मला जरा राग येतो. घरट्यासमोरची डहाळी ‘जरा बाजूला’ करणं, खाणं टाकून प्राण्याला हव्या त्या दगडावर आणणं, मान वळवावी म्हणून टाळी वाजवणं. ती डहाळी पिल्लाची सावली असते आणि शिकाऱ्यापासूनचा आडोसाही. प्राण्याने खाणं थांबवलं, सारखा तुमच्याकडेच बघू लागला, पक्षी इशाऱ्याचा आवाज काढू लागला, की तुम्ही फार जवळ आलात. मागे व्हा.

हट्ट वाढत गेला की कुठे पोचतो, तेही बघा. गोर्शकोव्ह जिंकले त्याच स्पर्धेचा 2009 चा विजेता फोटो, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, पुढच्या वर्षी बाद झाला. तो लांडगा माणसाळवलेला असण्याची दाट शक्यता परीक्षकांना दिसली. 2017 साली एका गटात पहिला आलेला, वारुळाशी आलेल्या मुंगीखाऊचा फोटोही 2018 मध्ये बाद झाला. तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा, असा निष्कर्ष निघाला. दोन्ही फोटोंची रचना वाखाणण्यासारखी होती. तिथेच तर गोम आहे.

संगणकावर बसल्यावर हाच हट्ट क्लोन टूल, म्हणजे नको ती वस्तू पुसायचं साधन, होऊन येतो. रंग, उजेड, माफक क्रॉप यात गैर काही नाही. पण फ्रेममधली वस्तू पुसायची असेल तर तसं सांगून पुसा, आणि स्पर्धेला पाठवणार असाल तर पुसूच नका. मोठ्या स्पर्धा रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, मागून पडताळतात.

माझ्याकडे एका कोल्ह्याचा फोटो आहे. डाव्या गालावरून गवताची एक काडी तिरकी गेलीय. ती पुसायला मी दोनदा बसलो. तिसऱ्यांदा फोटो मोठा करून बघितला तेव्हा दिसलं, की काडी त्याच्या श्वासाने वाकलीय आणि तिच्या टोकाला दव आहे. कान मात्र वरून अर्धा सेंटिमीटर कापला गेलाय, तो तसाच आहे.