पोलीस तक्रार लिहिताना शब्द चुकतात. या चुका टाळा

मोबाइल चोरीला गेलेला असतो, पण अर्जात लिहिलं जातं 'मोबाइल हरवला'. मग हातात पडतो तो फक्त गहाळ झाल्याचा दाखला. चोरीचा गुन्हा दाखल होत नाही आणि तपासही होत नाही. बॅगेची चेन उघडलेली दिसली असेल, गर्दीत कुणी धक्का दिला असेल, तर तसं स्पष्ट लिहा.

उलट चूकही होते. दोघांनी अडवून पाकीट काढून घेतलं की आपण 'दरोडा' लिहून मोकळे होतो. मारहाण करून किंवा चाकूचा धाक दाखवून केलेली ती जबरी चोरी. 'जबरी'च्या मुळाशी अरबी 'जब्र', म्हणजे बळजबरी, आणि कायदाही नेमकं तेच बघतो. पाच किंवा अधिक जणांनी मिळून असं केलं तरच दरोडा. म्हणून किती जण होते, हातात काय होतं, काय बोलले, हे आधी लिहा. कलम लावणं पोलिसांचं काम आहे.

सर्वांत जास्त घोळ पैशांच्या व्यवहारात होतो. 'चारशेवीस' हा शब्द जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२०वरून आला. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणूक कलम ३१८मध्ये गेली. फसवणुकीत खोटं सांगण्याचा हेतू सुरुवातीपासून असावा लागतो. विश्वासाने सोपवलेले पैसे किंवा दागिने नंतर गिळंकृत केले, तर तो न्यासभंग, कलम ३१६. 'न्यास' म्हणजे सोपवलेली ठेव. उसने पैसे वेळेत परत आले नाहीत, एवढ्यावर दोन्ही गुन्हे होत नाहीत. तिथे दिवाणी दावाच करावा लागतो. त्यामुळे पैसे देण्याआधी समोरच्याने काय सांगितलं होतं, ते तारखेसह लिहा आणि मेसेज जपून ठेवा.

अर्जात 'गुन्हेगार' लिहू नका. न्यायालयात दोष सिद्ध होईपर्यंत तो आरोपी किंवा संशयितच असतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर हे फार जपा, उलट तुमच्यावरच बदनामीची तक्रार होऊ शकते.

आणि 'एनसी' मिळाली म्हणजे एफआयआर झाला, असं समजू नका. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. ठाण्यातून निघण्याआधी कागदावर काय लिहिलंय ते वाचा. एफआयआर असेल तर त्याची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.